गुप्तधनाचा खड्डा आणि सरकारचे कान

सप्टेंबर 2021 मध्ये जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यात एका विवाहितेच्या तक्रारीने खळबळ उडाली. घरात गुप्तधन आहे, ते वर काढायला बळी हवा आणि तो बळी आपलाच ठरलाय, असा आरोप होता. पती आणि त्याच्या साथीदारांवर गुन्हा दाखल झाला. अशा टोळ्या अमावास्येच्या रात्री, दार लावून, शपथा घालून काम करतात. त्यांचा सुगावा सरकारला लागतो तरी कसा, हा प्रश्न संपादकांनी माझ्या हाती दिला.

जाफराबाद म्हणजे केळणा आणि पूर्णेच्या संगमावरचं गढीचं गाव, 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. बँका नव्हत्या तेव्हा चांदीचे रुपये भांड्यात घालून जमिनीत पुरायचे. पुरणारा साथीत दगावला की ठिकाणही त्याच्याबरोबर गेलं. म्हणून मराठवाड्यात हंडा सापडल्याच्या सगळ्याच गोष्टी थापा नसतात. घात होतो तो मांत्रिक आल्यावर. तो सांगतो, धनावर राखणदार आहे. मग पायाळू माणूस शोधायचा, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. त्याला जमिनीखालचं दिसतं म्हणे. मग मांडूळ साप आणायचा. लिंबू, हळद-कुंकू, नारळ, काळी बाहुली, घरातच खणलेला खड्डा. पैसे संपत आले की राखणदार कोंबड्यावरून बोकडावर आणि बोकडावरून माणसावर येतो. गुप्तधनाच्या हव्यासातून झालेलं मानवतचं हत्यासत्र 1972 ते 1974 या काळात याच मराठवाड्यात घडलं, आणि तपासाला मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींना यावं लागलं.

तेव्हा अशा प्रकारांसाठी वेगळा कायदा नव्हता; खुनाचं कलम लागायचं ते माणूस मेल्यावर. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच ते पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. अनुसूचीत बारा कृत्यं आहेत आणि गुप्तधनाच्या शोधात केलेली अघोरी कृत्यं त्यात येतात. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कलम 5. त्याने दक्षता अधिकारी निर्माण केला. असे प्रकार हुडकणं, ते थांबवणं, पीडिताने किंवा त्याच्या घरच्यांनी तक्रार केली की पुढची कारवाई होते ना हे पाहणं, पुरावा गोळा करणं, ही त्याची कामं. त्याला अडवणाऱ्यालाही शिक्षा आहे. माणूस मरायच्या आधी पोलिसाने दारात उभं राहावं, असं सांगणारं हे कलम आहे.

पण दक्षता अधिकारी तालुक्याच्या ठाण्यात बसतो आणि खड्डा वस्तीवर खणला जातो. मधला दुवा म्हणजे पोलीस पाटील. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार गावातली खबर वर पोचवणं हे त्याचं काम. परका माणूस कुणाच्या घरी चार दिवस मुक्कामाला आहे, बंद घरात रात्री टिकाव वाजतोय, कोण पायाळू माणसाची चौकशी करत फिरतंय, हे त्याच्या कानावर सगळ्यांआधी येतं. सरकारची सारी जाणीव या एका माणसावर उभी आहे, आणि मला काळजी वाटते तीही इथेच.

कारण तो त्याच गावचा. ज्याची खबर द्यायची तो भावकीतला, बांधाला बांध लागलेला, मुलीच्या लग्नात पंगतीला वाढणारा. खबर दिली आणि पंचनाम्यात नुसता खड्डा निघाला, तर "विहिरीसाठी खणत होतो" म्हणायला घर मोकळं, आणि पाटलाशी जन्माचं वैर. त्यालाही राखणदाराची भीती वाटत असेल तर खबर निघतच नाही. शिवाय दक्षता अधिकारी पोलीस निरीक्षकाहून खालच्या दर्जाचा चालत नाही, आणि ग्रामीण भागातली अनेक ठाणी सहायक निरीक्षक सांभाळतात. जिथे निरीक्षक आहे, तिथेही बंदोबस्त, अपघात, जमिनीचे तंटे उरकून त्याने कधी हुडकायचं? त्यात खाती वाटलेली: मांडूळ पकडलं तर वनखात्याचा गुन्हा, धन निघालं तर महसूलचा विषय. 1878 चा कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवा. कुणाचा हक्क निघाला नाही आणि सरकारनेही ते घेतलं नाही, तर चारातले तीन हिस्से शोधणाऱ्याला, एक जमीनमालकाला. हा उजेडातला रस्ता गावात कुणी समजावून सांगत नाही, म्हणून मांत्रिकाचं फावतं.

जाफराबादला तोंड उघडलं ते घरातल्या बाईने. टोळीची शपथ जिला बांधत नाही आणि खड्डा जिला रोज दिसतो, ती तीच असते. पण तिचा मोबाईल नवऱ्याच्या खिशात असतो आणि माहेर दोन एसट्या पलीकडे. ती एकटी बाहेर पडू शकते ते अंगणवाडीत, रेशन दुकानात, आरोग्य उपकेंद्रात. दक्षता अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर या तीन भिंतींवर मोठ्या अक्षरांत हवा. आणि तिने सांगितलेलं ठाण्यापर्यंत नेणं हे आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या कामात लिहून द्यायला हवं, मानधनासकट.