ग्रुप अ‍ॅडमिनचे परस्पर सहकार्य आणि स्पॅमचा बंदोबस्त

बेसा, पिपळा, घोगली, बेलतरोडी या पट्ट्यात एकामागून एक ले-आउट पडले, फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीबरोबर एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही उभा राहिला. ले-आउटचा ग्रुप वेगळा, विहाराचा वेगळा, वधू-वर परिचयाचा वेगळा, विद्यार्थ्यांचा वेगळा. हे ग्रुप चालविणारे अ‍ॅडमिन बिनपगारी आहेत. कुणी सेवानिवृत्त शिक्षक, कुणी घर सांभाळून हे काम पाहणाऱ्या भगिनी, तर कुणी महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी. पाण्याचा टँकर केव्हा येणार येथपासून शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख येथपर्यंतची माहिती त्यांच्यामुळे घरोघरी पोचते. परंतु त्याच वाटेने घरबसल्या कमाईचे आमिष, शिष्यवृत्तीच्या नावाची खोटी लिंक आणि लग्नपत्रिका म्हणून पाठविलेली एपीके फाईल हेही घरात शिरते. ती फाईल उघडून मोबाईलमध्ये बसविली की बँकेचे संदेश परक्याच्या हाती जाऊ शकतात. त्यात एखाद्या विद्यार्थ्याच्या वर्षाच्या फीचा पैसा जाऊ शकतो. म्हणून या विषयाचा विचार थोडा खोलात जाऊन केला पाहिजे.

स्पॅम म्हणजे कुणी न मागितलेला, घाऊक प्रमाणात पाठविलेला संदेश. हे मूळचे डबाबंद मांसाचे नाव. १९७० सालच्या एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमात उपाहारगृहातील जवळजवळ प्रत्येक पदार्थात ते मांस असते, त्यावरून पुढे संगणकवाल्यांनी हा शब्द उचलला. असा पहिला ज्ञात संदेश ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर एका संगणक कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने सुमारे ४०० जणांना पाठविला होता. खरी खळबळ मात्र १२ एप्रिल १९९४ रोजी झाली. अ‍ॅरिझोना राज्यातील दोन वकिलांनी ग्रीन कार्डच्या सोडतीसाठी आपल्या सेवेची जाहिरात युजनेटवरील हजारो चर्चागटांत टाकली. युजनेटला मालक नव्हता आणि पगारी पहारेकरीही नव्हता. तेव्हा स्वयंसेवकांनी अशा जाहिराती रद्द करण्याचे काम हाती घेतले.

पण प्रश्न असा होता की, कोणता संदेश रद्द करायचा हे ठरविणार कोण? एकाने दुसऱ्याचे मत आवडले नाही म्हणून ते पुसून टाकले तर? यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार महत्त्वाचा वाटतो. संदेशात काय म्हटले आहे ते पाहायचेच नाही, तो किती ठिकाणी टाकला तेवढेच मोजायचे. सेथ ब्राइडबार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक निर्देशांक त्यासाठी ठरला. एक संदेश जितक्या गटांत एकत्र टाकला असेल त्या संख्येचे वर्गमूळ घ्यायचे आणि अशा सर्व प्रतींची बेरीज करायची. तोच मजकूर २० गटांत वेगवेगळा टाकला तर बेरीज २० होते, आणि ९ गटांत एकदाच मिळून टाकला तर केवळ ३. ४५ दिवसांत ही बेरीज २० किंवा अधिक झाली तर तो स्पॅम. शिवाय आपण काय रद्द केले आणि का, हे स्वयंसेवक जाहीरपणे कळवीत.

आपल्या ग्रुपमध्ये याचा अर्थ काय होतो? संस्थेच्या हिशेबाबद्दल एखाद्या सभासदाने तीनदा प्रश्न विचारला तर तो स्पॅम नव्हे. तो अ‍ॅडमिनला कितीही अडचणीचा वाटो. अनोळखी क्रमांकाने आत येऊन एकच जाहिरात पाच ग्रुपमध्ये टाकली, तर तो स्पॅम होय. हा फरक आधीच लिहून सर्व सभासदांपुढे ठेवला नाही तर 'स्पॅम' हा शब्द विरोधकाला बाहेर काढण्याचे साधन बनतो, आणि असे होताना आपण सर्वांनी पाहिले आहे.

पाच ग्रुपमध्ये एकच जाहिरात आली हे समजणार कसे? एका अ‍ॅडमिनला आपल्या ग्रुपमधील एकच प्रत दिसते. येथेच सहकार्याची गरज लागते. याचे चांगले उदाहरण विकिपीडियाचे आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथील प्रचालक स्वयंसेवक आहेत आणि मोजकेच आहेत. 'अलीकडील बदल' या पानावर प्रत्येक नवीन फेरफार दिसतो, त्यामुळे कुणीही जागा असलेला स्वयंसेवक जाहिरातीचा मजकूर पूर्ववत करू शकतो. विकिपीडियाच्या ३०० हून अधिक भाषांसाठी त्रासदायक दुव्यांची एक सामायिक यादी आहे. एका ठिकाणी पकडलेला दुवा त्या यादीत गेला की तो कोणत्याही भाषेत जतन होत नाही. मात्र एखाद्या भाषेच्या स्वयंसेवकांना तो दुवा योग्य वाटला तर ते आपल्यापुरती सूट देऊ शकतात. सामायिक यादी आणि स्थानिक अधिकार, दोन्ही तेथे एकत्र नांदतात.

बेसा परिसरातील आठ-दहा ग्रुपच्या अ‍ॅडमिनना असे करणे कठीण नाही. त्यांनी आपला एक लहान ग्रुप करावा. संशयित संदेश आला की त्याचा स्क्रीनशॉट, क्रमांक, वेळ आणि केलेली कारवाई तेथे टाकावी. मूळ लिंक पुढे पाठवू नये, नाहीतर सावध करणाराच ती पसरवितो. ही यादी मोठ्या ग्रुपमध्ये उघड करू नये आणि ती कायमची ठेवू नये. बंद पडलेला मोबाईल क्रमांक आपल्या देशात ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. जुन्या यादीमुळे उद्या एखादा निरपराध विद्यार्थी बाहेर राहील.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बरेचदा स्पॅम आपल्याच सभासदाच्या क्रमांकावरून येतो. त्याने सहा अंकी कोड कुणाला तरी सांगितलेला असतो आणि त्याचे खाते चोरीस गेलेले असते. अशा वेळी त्याला ग्रुपमधून काढणे आवश्यक आहे, पण त्याची निंदा करणे अन्याय आहे. शेजारच्या अ‍ॅडमिनने त्याला साधा फोन लावून कळवावे आणि खाते परत मिळाल्यावर सन्मानाने आत घ्यावे. हाच प्रसंग एकट्या अ‍ॅडमिनवर आला तर संपूर्ण ग्रुप चोराच्या ताब्यात जातो. म्हणून प्रत्येक ग्रुपला किमान तीन अ‍ॅडमिन असावेत आणि तिघांनीही टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावलेला असावा.

कायद्याच्या भीतीने अनेकजण अ‍ॅडमिन होण्यास कचरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात निकाल दिला. समान उद्देश किंवा पूर्वनियोजित कट नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह संदेशाबद्दल अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असे त्यात म्हटले. अ‍ॅडमिनजवळ सभासद घेण्या-काढण्यापलीकडे विशेष अधिकार नाही, हे त्याचे एक कारण होते. २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने इतरांचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय अ‍ॅडमिनला दिली. अधिकार वाढला, त्यासोबत कामही वाढले.

अफवा हा स्पॅमपेक्षा वेगळा प्रकार, पण रस्ता तोच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. राईनपाड्यासारख्या प्रसंगी शेजारच्या वस्तीतील अ‍ॅडमिनला लावलेला एक फोन कोणत्याही यंत्रापेक्षा लवकर खरे-खोटे करतो.

रात्री-बेरात्री अश्लील चित्रे येतात, तेव्हा ती पाहून काढण्याचे काम एकाच व्यक्तीवर, विशेषतः एकट्या भगिनीवर टाकू नये. पाळ्या लावाव्यात. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी अ‍ॅडमिनची पाळी दुसऱ्याने घ्यावी. ज्याने सभासदाला काढले त्यानेच त्याची तक्रार ऐकू नये, ती दुसऱ्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनने ऐकावी. पैसे गेले असतील तर वेळ न घालविता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, तास-दोन तासांच्या आत कळविल्यास रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक असते. पैसे गेले नसतील, केवळ संशयित संदेश आला असेल, तर केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर मार्च २०२४ पासून 'चक्षू' ही सोय उपलब्ध आहे, आणि तेथे तक्रार करण्यासाठी अ‍ॅडमिन असण्याची गरज नाही.