बालवीरांची नदीकाठची वाट

दिवाळीच्या सुटीत कधी कधी गावात पोरांची रांग येते. गळ्यात रुमाल, हातात काठी, पाठीवर भरलेली पिशवी. म्हातारी माणसे विचारतात, "काय रे बाबांनो, कोणत्या यात्रेला निघालात?" ही यात्रा नव्हे. ही मुले बालवीर. त्यांनाच स्काउट म्हणतात.

बेडन-पॉवेल नावाच्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १९०७ साली ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांना तंबूत राहायला नेले. त्यांत श्रीमंतांची पोरे होती आणि कामकऱ्यांचीही होती. तेथून ही चळवळ निघाली. आपल्याकडे पूर्वी स्काउटांच्या निरनिराळ्या संस्था होत्या. त्या एकत्र येऊन १९५० साली भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो. त्यांच्यातलाच एक जण संघनायक होतो.

आता त्यांची वाट पाहू. नगर जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. त्या जिल्ह्यात अकोले तालुका आहे. तेथे रतनगडाच्या कुशीत प्रवरा नदी उगम पावते. पायथ्याला रतनवाडी. तेथे अमृतेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. पुढे भंडारदऱ्याचे धरण. ते १९२६ साली पुरे झाले. त्याच्या खाली रंधा धबधबा. मग नदी अकोले, संगमनेर करीत टोक्याजवळ गोदावरीला मिळते. सगळी नदी काही पोरे चालत नाहीत. वरच्या खोऱ्यात तीन-चार दिवस चालले तरी पुष्कळ झाले.

आश्विन-कार्तिक हा चालण्याला चांगला काळ. पाऊस सरलेला असतो, ओढ्यांना पाणी असते, भात पिवळे पडलेले असते. पण परतीचा पाऊस फसवा असतो. सकाळी ऊन, तिसऱ्या प्रहरी कडकडाट. म्हणून पहाटे निघावे आणि दुपारी मुक्काम गाठावा. वीज चमकू लागली, की एकट्या झाडाखाली थांबू नये.

पिशवीचे वजन मुलाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नसावे. मुलगा ३५ किलोचा असेल, तर ओझे ७ किलोच्या आत. अंथरूण तळाला, जड वस्तू पाठीला लागून. आई प्रेमाने लाडवांचा डबा भरते, तो बहुधा पहिल्याच मुक्कामाला रिकामा होतो, त्याची काळजी नको! चालताना सर्वांत सावकाश चालणारा पुढे ठेवतात. त्याच्या चालीने सगळे चालले, म्हणजे कोणी मागे राहत नाही. वाटेवर बाणाची खूण केली, तर त्या दिशेने जायचे. फुली असेल, तर तिकडे जायचे नाही.

प्यायचे पाणी नदीचे असले तरी खळखळून उकळून घ्यावे. डोंगरातले पाणी आरशासारखे दिसते खरे, पण वर गुरे उतरतात.

सर्वांत मोठा धोका नदी ओलांडताना असतो. रतनगडाच्या वाटेवर प्रवरेचे पात्र पुन्हा पुन्हा आडवे येते. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असते, पण वर डोंगरात पाऊस झालेला असतो. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाला वाहत आला, की समजावे, पाणी चढते आहे. लगेच काठावर यावे. धरणाच्या खाली तर पाऊस नसतानाही पाणी वाढते, कारण वरून पाणी सोडतात. म्हणून तेथे पात्रात बसून जेवू नये, आणि कोरड्या वाळूवर तंबूही ठोकू नये.

पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढीचे असेल, तर ओलांडू नये. ओलांडायचेच तर अरुंद जागा बघू नये. अरुंद जागी पाणी खोल असते. पसरट, उथळ जागा बघावी. पायांत जोडे ठेवावेत, काठी टेकावी. पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा. पाय घसरला तर पिशवी टाकून देता येते. पिशवी गेली तर जाऊ द्या, पोर वाचले पाहिजे.

हे सगळे कोण सांगणार? तेथलाच माणूस. त्याला वाटाड्या म्हणतात. मास्तर शहरचे असतात, नकाशा वाचतात. पण कोणता दगड शेवाळलेला आहे, हे नकाशात नसते. वाटाड्याने "आज नको" म्हटले, की मास्तरांनीही गप्प बसावे, असे माझे मत आहे. मुलाला पाठवण्याआधी शाळेत जाऊन खुशाल विचारा : वाटाड्या कोण? मोठी माणसे किती? जवळचा दवाखाना कोठे? विचारले म्हणून कोणी रागावत असेल, तर मुलाला घरीच ठेवा.

आणि उद्या तुम्हालाच कोणी वाट दाखवायला बोलावले, तर मजुरी आधी ठरवून घ्या. रतनगडाचा भाग अभयारण्यात येतो. तेथे वनखात्याची परवानगी काढली आहे का, ते विचारा. रानात जाळ करू देऊ नका. जेवण गावातच रांधावे. चार घरांनी भाकरी-पिठले करून दिले, तर पोरेही खूश आणि घरात दोन पैसेही येतात.