आजाराची शिकवणी

बार्सिलोनात फ्रान्सेस्क कोलोम आणि एदुआर्द व्हिएता यांनी बायपोलर आजाराच्या (कधी उन्माद, कधी नैराश्य) 120 रुग्णांचे दोन गट केले. औषधे दोन्हीकडे चालूच होती. एका गटाच्या नुसत्याच गप्पांच्या बैठका झाल्या; दुसऱ्याला दीड-दीड तासाच्या 21 बैठकांत रीतसर शिकवणी.

शिकवायचे काय? गोळ्या मनाने का बंद करायच्या नाहीत, दारू काय करते, झोपेची वेळ का पाळायची. सगळ्यात मोलाचा धडा झटक्याची चाहूल ओळखण्याचा. चार तास झोपूनही ताजेतवाने वाटू लागले, खरेदीचा सपाटा सुरू झाला, की डॉक्टरांना गाठायचे. ऐन उन्मादात हे कोणाला पटणार? म्हणून शिकवणी बऱ्या काळातच.

2003 साली निकाल आला. दोन वर्षांत गप्पांच्या गटात 92 टक्क्यांचा आजार उलटला, शिकलेल्यांत 67 टक्क्यांचा. आकडा काही फार सुखावणारा नाही. पण पाच वर्षांत आजारात गेलेले दिवस सरासरी 586 विरुद्ध 154! नोकरी, संसार, मित्र टिकतात ते या वाचलेल्या दिवसांत.

अशाच शिकवणीच्या ब्रिटनमधल्या 304 जणांच्या चाचणीत मात्र परस्पर-आधार गटाच्या तुलनेत एकंदर फरक ठळक दिसला नाही. फायदा दिसला तो आधी सातपर्यंतच झटके येऊन गेलेल्यांना.