झिंगलेले चीज

आमच्या घराण्यात आजवर कोणी दारूला शिवलेले नाही. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या शरदात, इटलीतल्या त्रेव्हिझो गावच्या बाजारात, धाकट्या भावाने जांभळ्या सालीचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि ‘‘दादा, ह्याचं नाव उब्रियाको. म्हणजे झिंगलेला!’’ असे सांगितले, तेव्हा मी आधी आमच्या सौ.च्या चेहऱ्याकडे पाहिले.

‘‘घ्या की,’’ ती म्हणाली, ‘‘झिंगलंय ते चीज. तुम्ही नव्हे!’’

हे चीज गाईच्या दुधाचे. गुळासारख्या त्याच्या ढेपा आधी मुरवतात. मग द्राक्षांचा हंगाम आला, की वाइन करून उरलेल्या ओल्या चोथ्यात, सालीबियांसकट, त्या पिपांतून पुरून ठेवतात. साल जांभळी होते, आतला गर मात्र फिकट पिवळाच राहतो. ते खाऊन झिंग चढत नाही, बरे का! मात्र शाकाहारी वाचकांनी एक विचारून घ्यावे : पुष्कळ चीजांत दूध विरजायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. आम्हीही आधी तेवढी चौकशी केलीच.

दुकानदाराने खाण्याची रीतही सांगितली. चीज गारढोण नसावे. काप पातळ असावा. आधी वास घ्यावा, मग घाई न करता तो जिभेवर विरघळू द्यावा. वास आला मात्र, मी तुकडा परत करण्याच्या बेतात होतो. इतका आंबूस! पण जिभेवर आधी दुधाची गोडी आली, मागून मनुकांची चव, आणि शेवटी एक हलकासा तुरटपणा. सोबत अक्रोड असला तर काय सांगावे!

ह्या चिजाची तिकडे एक कथा सांगतात. १९१७च्या ऑक्टोबरात कापोरेत्तोला इटलीचा पराभव झाला आणि ऑस्ट्रियाच्या फौजा पियावे नदीपर्यंत येऊन थडकल्या. शिपाई घरातले धान्यधुन्य उचलून नेत. तेव्हा शेतकऱ्यांनी चिजाच्या ढेपा द्राक्षांच्या चोथ्याखाली दडवल्या. पुढे काढून पाहतात, तो ही नवी चव! विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंतोनियो कार्पेनेदो ह्यांनी ती जुनी रीत पुन्हा चालू केली.

कथा ऐकली आणि तो आंबूस वास कुठला, ते मला एकदम आठवले. आमची आजी मराठवाड्यातली. निजामी अमलात सक्तीची लेव्ही घ्यायला माणसे येत, तेव्हा तिच्या वडिलांनी अंगणातल्या पेवात ज्वारी दडवली होती, असे ती सांगे. पुढे दिवस पालटले, तरी गावचे ते पेव राहिले. पेवातल्या ज्वारीला असाच वास येतो. त्या ज्वारीची भाकरी आजीने एकदा मोठ्या हौसेने मला वाढली. मी आठ वर्षांचा. ‘‘वास मारते,’’ म्हणून ताटातून बाजूला सारली. आजी काही बोलली नाही. तिने ती आपल्या ताटात घेतली.

आज आजी नाही, पेवही बुजले. त्रेव्हिझोच्या बाजारात मी दुसरा तुकडा मागून घेतला आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.