ज्वारीचा पाण्याचा हिशेब

‘कमी पाण्यावर येणारे वाण’ असे आपण सहज म्हणतो. विद्यार्थ्यांची समजूत अशी होते की, अशा वाणात दुष्काळाला तोंड देणारे एखादे खास जनुक असावे. ते शोधून दुसऱ्या वाणात घातले की काम झाले. प्रत्यक्षात अवर्षण ही एकच एक गोष्ट नाही. पेरणीनंतर पावसाने महिनाभर ओढ देणे वेगळे आणि दाणे भरण्याच्या वेळी जमिनीतली ओल संपत जाणे वेगळे. पहिल्या संकटात उपयोगी पडणारा गुण दुसऱ्यात कामाला येईलच असे नाही. म्हणून पीक पैदासकाराचा पहिला प्रश्न असतो : पाणी कमी पडते ते नेमके केव्हा? हा प्रश्न समजून घेण्यासाठी आपली रब्बी ज्वारी हे फार चांगले उदाहरण आहे.

भरलेली टाकी, बंद नळ

सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत आणि उत्तर कर्नाटकात रब्बी ज्वारी पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात. पुढचे सुमारे चार महिने पाऊस जवळजवळ नसतोच. पीक वाढते ते काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर. जमीन म्हणजे जणू भरलेली टाकी. पण तिचा नळ बंद झालेला आहे.

या टाकीतून पाणी दोन वाटांनी जाते. एक वाट जमिनीच्या पृष्ठभागातून आणि भेगांतून. कोळपणी करून शेतकरी ती अडवतो. दुसरी वाट पानांतून. प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड हवा, तो आत घ्यायचा तर पर्णरंध्रे उघडायला हवीत, आणि ती उघडली की बाष्प बाहेर पडणारच. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असे हवेत जाते. हा खर्च टाळता येत नाही. तो केव्हा करायचा, एवढेच वनस्पतीच्या हाती असते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, मुळांच्या आवाक्यात १५० मिलिमीटर पावसाइतके पाणी आहे. एका वाणाने भराभर मोठी पाने काढली आणि फुलोऱ्यापर्यंत १२० मिलिमीटर पाणी संपवले. दाणे भरायला उरले ३०. दुसऱ्या वाणाने बेताने वाढून ९० मिलिमीटर वापरले; त्याला उरले ६०. दोघांचे एकूण पाणी सारखेच, पण दाणे भरण्याच्या काळात दुसऱ्याकडे दुप्पट साठा आहे. या उशिराच्या पाण्याची किंमत मोठी असते. ऑस्ट्रेलियात गव्हावर झालेल्या प्रयोगांत फुलोऱ्यानंतर खोलवरच्या मातीतून मिळालेल्या प्रत्येक जादा मिलिमीटर पाण्यामागे हेक्टरी सुमारे ५५ ते ६० किलो जास्त धान्य मिळाल्याचे आढळले.

मालदांडी का टिकली?

१९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हे वाण तयार झाले. त्यामागे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड होती. कोरड्या वर्षीही जे कणीस भरले, तेच बियाण्याला ठेवायचे, ही तीच पद्धत.

१९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा संकरित वाण आला आणि खरिपाच्या ज्वारीचे चित्र पालटले. रब्बीत मात्र संकरित वाणांना मालदांडीला हटवता आले नाही. रब्बीत फक्त पाण्याचा ताण नसतो. रोपावस्थेत खोडमाशी पोंगेमर करते, फुलोऱ्याच्या सुमारास रात्री थंड असतात आणि थंडीने परागकण निकामी झाले की कणसात दाणे कमी धरतात. शिवाय भाकरीसाठी टपोरा, मोत्यासारखा दाणा हवा आणि जनावरांसाठी गोड कडबा हवा. इतक्या अटी एकाच वाणाने पाळायच्या असतात. एकच गुण सुधारून भागत नाही ते यामुळे.

हिरवेपणाचे रहस्य

दाणे भरताना पाणी संपले की ज्वारीची पाने खालून वर वाळत जातात. कणीस मग ताटातली साठवलेली साखर ओढू लागते. ताट कमकुवत होते, त्यात खडखड्या रोगाची बुरशी शिरते आणि उभे पीक लोळते. काही वाणांची पाने मात्र अशा वेळीही हिरवी राहतात. या गुणाला ‘स्टे-ग्रीन’ म्हणतात. मूळच्या इथिओपियातील ज्वारीपासून मिळालेल्या ‘बी-३५’ या वाणात तो ठळकपणे दिसतो. त्याच्याशी संबंधित चार मुख्य भाग ज्वारीच्या तीन गुणसूत्रांवर सापडले आहेत.

सुरुवातीला वाटत होते की, या झाडांची पाने उशिरा म्हातारी होतात, एवढेच. पण ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की, खरी गोष्ट फुलोऱ्याच्या आधीच घडलेली असते. या झाडांना फुटवे कमी येतात, वरची पाने लहान राहतात, त्यामुळे पाणी वाचते. पुढे दिसणारा हिरवेपणा हे या बचतीचे फळ आहे.

ही बचत मोजायची कशी? हैदराबादजवळ पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या संस्थेत माती भरलेल्या उंच प्लॅस्टिकच्या नळ्यांत झाडे वाढवतात आणि नळ्या ठरावीक दिवसांनी वजन करून पाहतात. वजनातली घट म्हणजे खर्च झालेले पाणी. याच संस्थेत ‘बी-३५’मधील हे भाग दुसऱ्या वाणांत आणले गेले. त्यासाठी संकरित रोपांचा आपल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करतात आणि दर पिढीत डीएनएतील ओळखखुणा पाहून हवी ती रोपे ठेवतात. निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. तेच भाग वेगवेगळ्या वाणांत घातल्यावर परिणाम वेगवेगळे दिसले. जनुक तेच, पण ते कोणत्या घरात नांदते यावर त्याचे काम ठरते.

बचतीची किंमत

काटकसर फुकट मिळत नाही. डिसेंबरात एखादी चांगली सर आली किंवा विहिरीचे पाणी देता आले, तर बेताने वाढणारा वाण मागे पडतो. पाने लहान म्हणून कडबाही कमी. ज्या घरात बैल आणि म्हशी ज्वारीच्या कडब्यावर जगतात, तिथे हा तोटा छोटा नाही.

म्हणूनच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीनुसार वेगवेगळ्या वाणांची शिफारस केली आहे. हलक्या जमिनीची टाकी लहान. तिथे ओल संपण्याआधी लवकर पक्व होणारे ‘फुले अनुराधा’सारखे वाण योग्य. खोल भारी जमिनीत जास्त दिवस घेणारे ‘फुले वसुधा’ साठ्याचा पूर्ण उपयोग करते. पहिले संकटाच्या आधी निसटते, दुसरे खोलवरच्या ओलीवर उभे राहते. ‘सर्वांत चांगले वाण कोणते?’ या प्रश्नाला ‘कोणत्या जमिनीसाठी?’ हे जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

वर्गात करून पाहा

सारख्या मापाच्या पाच कुंड्यांत सारखीच माती भरा. दोन कुंड्यांत मालदांडीचे, दोनांत खरिपाच्या संकरित ज्वारीचे एकेक रोप वाढवा. पाचवी कुंडी रोपाविना ठेवा. रोपे वीतभर झाली की सर्व कुंड्यांना सारखे पाणी द्या आणि खोडाभोवती प्लॅस्टिकचा कागद बांधून माती झाका. पाचवीही तशीच झाका. पुढे पाणी न देता रोज ठरावीक वेळी वजन करा. पाचव्या कुंडीची घट इतरांच्या घटीतून वजा केली की पानांवाटे गेलेले पाणी मिळेल. पाने आलेखाच्या कागदावर ठेवून त्यांचे क्षेत्रफळ काढा आणि दर चौरस सेंटिमीटरला किती पाणी गेले ते मांडा.

मग विद्यार्थ्यांना विचारा : जे रोप आधी कोमेजले त्याने पाणी उधळले, की त्याची पानेच मोठी होती? आणि शेतात, खोल जमिनीत, तेच रोप हरले असते का?