बोरघाटाच्या पायथ्याचा विसावा

खालापूर तालुक्यातील साजगाव आणि शेजारची खोपोली येथून आज वाहने अल्पावधीत घाट चढून जातात. परंतु एके काळी मुंबई-पुणे प्रवासात या पायथ्याशी थांबणे प्रत्येकालाच भाग पडे. त्या विसाव्याचा इतिहास आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

इंग्रजांच्या आधीपासून घाटावरचा आणि कोकणातला माल येथे एकत्र येई. संत तुकाराम महाराज मिरच्या विकण्यासाठी साजगावी येत, अशी परंपरा आहे. येथील कार्तिकातील यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. म्हणून येथील विठोबाला ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. खोपोलीचा दगडी तलाव आणि महादेवाचे मंदिर नाना फडणवीसांनी बांधविले. चढणीपूर्वी माणसांना व बैलांना पाण्याचा हा मोठाच आधार होता.

कोलकात्याचे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हीबर 1825 साली या मार्गाने पुण्यास गेले. तेव्हा लोक घाट पायी किंवा घोड्यावरून चढत आणि माल बैलांच्या पाठीवरून जाई. 1830 साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी गाड्यांसाठी घाटरस्ता खुला केला. पुढे 1856 साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि 1858 साली खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र पालखीने, तट्टावरून किंवा गाडीने ओलांडावा लागे. 1863 साली घाटातून रेल्वे सुरू झाली आणि प्रवाशांचा हा सक्तीचा थांबा संपला.

त्या काळी अशा मार्गांवर मुक्कामाच्या जागा मुख्यतः दोन प्रकारच्या असत. धर्मशाळेत बहुधा भाडे नसे. प्रवासी तेथे स्वतःची चूल मांडीत. सरकारी मुसाफरी बंगल्यात ठरावीक आकार देऊन खोली मिळे आणि खानसामा जेवण करी. त्याचा लाभ प्रामुख्याने साहेबलोक घेत. मद्य देणाऱ्या युरोपीय धर्तीच्या खाणावळी बहुतांशी बंदरांत व छावण्यांत होत्या.

मात्र ऊन, पाऊस आणि थकवा सर्वांना सारखाच असला, तरी दार सर्वांना सारखे उघडत नसे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वाटसरूंना अनेक धर्मशाळांत व पाणवठ्यांवर मज्जाव होता. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या विहिरी, तलाव व धर्मशाळा त्यांना खुल्या कराव्यात, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली संमत केला. ठराव झाला, तरी आचरण लगेच बदलले नाही. म्हणूनच 1927 साली, आजच्या रायगड जिल्ह्यातच, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला.

आपल्या गावात जुनी दगडी धर्मशाळा किंवा बंगला उभा असेल, तर त्याचे छायाचित्र घ्यावे, कोरलेला मजकूर उतरवून ठेवावा आणि वृद्धांना त्याविषयी विचारावे. ती वास्तू कोणी बांधली, हे विचारताना तेथे कोणाला आसरा मिळाला आणि कोणाला बाहेर झाडाखाली रात्र काढावी लागली, हेही अवश्य विचारावे.