परवाना दहा वर्षांचा, तयारी बारा महिन्यांची

१६ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या कालिन्यात एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेडने विमानात सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांच्या जागांसाठी थेट मुलाखती ठेवल्या. जागा दोन हजारांच्या आसपास आणि उमेदवार कित्येक हजार. रेटारेटी इतकी झाली की अर्ज आणि बायोडेटा इथेच ठेवा आणि घरी जा, असं सांगायची वेळ आली. ती दृश्यं देशभर पाहिली गेली, आणि विमान कंपनीचा नोकरी मेळावा म्हटलं की आता अनेकांना तेच आठवतं. वैमानिकांच्या भरतीत असली झुंबड दिसत नाही. अर्ज बहुतेक वेळा ऑनलाइन जातात, निवडक लोकांना बोलावणं येतं, आणि कंपनीने एखाद्या हॉटेलात भरती ठेवली तरी तिथे इस्त्रीचे शर्ट आणि हातात फाइल घेतलेली शांत माणसं असतात. पण गर्दी दिसत नाही म्हणून रांग नसते असं नाही. अशा दिवसासाठी काय घालून जावं, बायोडेटा किती पानी असावा, ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर कुठून सुरुवात करावी, याची चर्चा होते आणि ती व्हायलाही हवी. माझं म्हणणं इतकंच की ही तयारीची शेवटची पायरी आहे. भरती कधी निघेल हे उमेदवाराच्या हातात नसतं. ती निघेल त्या दिवशी त्याचे कागद चालू असायला हवेत आणि उडवण्याचा हात सुटलेला नको. तेव्हा या नोकरीची तयारी म्हणजे मुख्यतः वाट पाहण्याची तयारी, आणि घरोघरी विचार होत नाही तो नेमका तिचाच.

याचे दाखले शोधायला मुंबईच्या उपनगरांच्या बाहेर जावं लागत नाही. जुहूचा विमानतळ आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब दोन्ही १९२८ चे. भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळवला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन त्यांनी आपलं पस मॉथ विमान उतरवलं ते जुहूलाच. पुढे खासगी कंपन्यांचा जमाना आला तेव्हा जेट एअरवेजचं मुख्यालय अंधेरी पूर्वेला होतं आणि किंगफिशरचं विलेपार्ल्याला, द्रुतगती मार्गालगत. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेटचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ च्या रात्री झालं. त्यानंतर वर्षही उलटलं नाही तोच कोविड आला आणि २५ मार्च ते २५ मे २०२० या काळात देशांतर्गत प्रवासी विमानसेवा पूर्ण बंद राहिली. मुंबईचीच गो फर्स्ट ३ मे २०२३ पासून जमिनीवर आली. म्हणजे अकरा वर्षांत चार धक्के. दर वेळी काय होतं? हजारो तास उडवलेले कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर एकदम बाजारात येतात, आणि दोनशे तासांचा ताजा परवाना हाती असलेला मुलगा रांगेत मागे ढकलला जातो. त्याचं काही चुकलेलं नसतं. त्याची वेळ चुकलेली असते.

आता त्या ताज्या परवान्याचं काय होतं ते पाहू. कमर्शियल पायलट लायसन्स म्हणजे सीपीएलसाठी किमान दोनशे तासांचं उड्डाण लागतं. त्यातले शंभर तास स्वतः विमानप्रमुख म्हणून, आणि एक लांब पल्ल्याची एकट्याने केलेली फेरी, तीनशे सागरी मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. त्याआधी हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषयांच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, परीक्षा, प्रत्येकीत उत्तीर्ण व्हायला सत्तर टक्के. रेडिओवर बोलण्याचा आरटीआर परवाना वेगळा. हे सगळं पार पडलं की घरात पेढे वाटले जातात, आणि ते रास्तच आहे. २०२३ च्या नियमबदलानंतर सीपीएलची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षं झाली, त्यामुळे आईवडिलांना वाटतं की आता दहा वर्षं चिंता नाही. पण परवाना दहा वर्षांचा असला तरी तो वापरण्याचा अधिकार त्याच्या जोडकागदांवर अवलंबून असतो. तरुण उमेदवाराचं क्लास वन मेडिकल बारा महिन्यांचं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं काही दिसत नसताना केवळ उपकरणांवर विसंबून उडवण्याची पात्रता, तीही बारा महिन्यांची आणि चाचणी देऊनच पुढे चालू राहणारी. अलीकडच्या काळात आपण प्रत्यक्ष उडवलं आहे हेही दाखवावं लागतं. प्रत्येक नूतनीकरणाला विमान लागतं, परीक्षक लागतो, इंधन लागतं, पैसे लागतात. तो खर्च थकला की कागद एकेक करून निकामी होतात, आणि नेमकी त्याच सुमारास एखाद्या कंपनीची जाहिरात येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: देशात वैमानिकांचा तुटवडा असताना वाट पाहायची वेळ येईलच कशाला? आक्षेपात तथ्य आहे. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांचा करार जाहीर केला, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने एका फटक्यात ५०० विमानं मागवली, मुंबईच्या अकासाने जानेवारी २०२४ मध्ये आणखी १५०. येत्या काळात देशाला तीस हजार वैमानिक लागतील, असं केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रीही सांगतात. पण मागवलेलं विमान आणि धावपट्टीवर आलेलं विमान यांत कित्येक वर्षांचं अंतर असतं. शिवाय तुटवडा सरसकट नाही. कमतरता आहे ती कॅप्टनची, आणि त्या खुर्चीसाठी लागणाऱ्या परवान्यालाच किमान दीड हजार तास हवेत. तळाशी मात्र नव्या परवानाधारकांची भर पडत असते: २०२२ मध्ये डीजीसीएने ११६५ सीपीएल दिले, २०२३ मध्ये १६२२. वैमानिकांना आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास देणाऱ्या आणि रात्रीच्या कामावर मर्यादा घालणाऱ्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. तेव्हा अनेकांना वाटलं, आता नव्या मुलांची चांदी. पण नव्या मुलाला आधी विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग, मग प्रत्यक्ष मार्गावर प्रशिक्षकाबरोबरची उड्डाणं, असे कित्येक महिने द्यावे लागतात. आज घेतलेला माणूस उद्याची अडचण सोडवत नाही. म्हणून टंचाईच्या दिवसांतही कंपनी आधी त्यांच्याकडे पाहते ज्यांना कमीत कमी वेळात उभं करता येईल, आणि कागद चालू असलेला, हात ताजा असलेला उमेदवार इथेच पुढे सरकतो.

कागदांमधला सगळ्यात बोलका कागद म्हणजे लॉगबुक. लांबट, जाड पुठ्ठ्याचं हे पुस्तक उघडलं की रकान्या-रकान्यांचं आडवं पान दिसतं: तारीख, विमानाचा प्रकार, व्हीटीने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, विमानप्रमुखाचं नाव, कुठून कुठे, दिवसा किती, रात्री किती, प्रशिक्षकासोबत किती, एकट्याने किती, उपकरणांवर किती. वेळ तास आणि मिनिटांत. पानाच्या तळाशी बेरीज, मागच्या पानावरून आणलेली बेरीज, आणि मुख्य प्रशिक्षकाची, म्हणजे सीएफआयची, सही. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया इथल्या धावपट्ट्यांवर उपनगरांतली कितीतरी मुलं ही पानं भरत असतात. मुलाखत घेणारा अनुभवी कॅप्टन हे पुस्तक चाळतो तेव्हा तो बेरीज तपासत नाही, कथा तपासतो. ही तीनशे मैलांची फेरी कोणत्या मार्गाने केलीस? वाटेत ढग किती होते? इथे परत का फिरलास? जो खरोखर उडाला आहे त्याला या प्रश्नांची तयारी करावी लागत नाही, त्याला ते दिवस आठवतात. जो कागदावरच उडाला आहे त्याची इथे पंचाईत होते. ही शंका उगाच नाही. २०११ च्या जानेवारीत गोव्यात एका प्रवासी विमानाचं पुढचं चाक आधी टेकलं, चौकशीत परवान्यासाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट निघाली, आणि मग देशभरातल्या परवान्यांची तपासणी करावी लागली. त्याच वर्षी राजस्थानात न उडवलेले तास लॉगबुकात मांडल्याचं प्रकरण उघडकीस आलं. तेव्हापासून प्रामाणिक उमेदवारालाही आपल्या प्रत्येक नोंदीच्या मागे उभं राहता यायला हवं. रोजची नोंद रोज करणं, खाडाखोड झाली तर तिथेच सही घेणं, पानांची स्कॅन प्रत घरी ठेवणं, हे कंटाळवाणं काम पुढे उपयोगी पडतं. प्रशिक्षण संस्था बंद पडली आणि सीएफआय दुसऱ्या राज्यात गेले, तर दोन वर्षांपूर्वीची सही आणायची कुठून?

लेखी परीक्षा, संगणकावरच्या चाचण्या, सिम्युलेटर आणि मुलाखत हा निवडीचा साधारण क्रम. त्यातल्या विषयज्ञानाबद्दल फार लिहायला नको, क्लासेस ते घोटून घेतात. थांबायला हवं ते निर्णयक्षमतेपाशी. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ विमान सांताक्रूझला उतरायचं सोडून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही, पण विमान मोडीत निघालं. हात कसलेले होते, विमान धडधाकट होतं. दोन धावपट्ट्या एकमेकींपासून जेमतेम काही किलोमीटरवर, आणि समोर दिसणारी धावपट्टी आपलीच आहे हे गृहीत धरलं गेलं. अशा वेळी शेजारच्या खुर्चीतल्या कनिष्ठाने ‘ही पट्टी आखूड वाटते’ एवढं म्हणणं लाखमोलाचं असतं, आणि वरिष्ठाने ते ऐकणंही. आज गटचर्चेत आणि सिम्युलेटरवर कंपन्या मुख्यतः हेच पाहतात: चूक दिसली तर मुलगा बोलतो का, त्याची चूक दाखवली तर ऐकतो का. आपल्याकडे मोठ्यांसमोर तोंड न उघडणं हा गुण मानला जातो, कॉकपिटमध्ये तो दोष ठरतो. ही सवय आठवड्याभराच्या मुलाखत शिबिरात मोडत नाही. वाट पाहण्याच्या काळात एखाद्या संस्थेत शिकवायला बसणं, वरच्या एटीपीएल परवान्याचे पेपर देऊन ठेवणं, दर महिन्याला थोडं तरी सिम्युलेटरवर बसणं, यातून हात आणि तोंड दोन्ही चालू राहतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वाट पाहणं ही श्रीमंतांची चैन आहे. मुलुंड-बोरिवलीचा दोन खोल्यांचा फ्लॅट गहाण ठेवून शिकणाऱ्याने पहिल्या महिन्यापासून हप्ता भरायचा की सिम्युलेटरवर बसायचं? खरं आहे. सीपीएलला पन्नास लाखांच्या पुढे सहज जातात, टाइप रेटिंगचे आणखी पंधरा-वीस लाख. म्हणूनच तर हिशेब उलटा मांडायला हवा. घरं सगळी रक्कम प्रशिक्षणावर लावतात आणि नोकरी लगेच लागेल असं धरून चालतात. त्याऐवजी दोन वर्षांच्या नूतनीकरणाचा, हप्त्यांचा आणि राहण्याचा खर्च आधी बाजूला काढावा. तो निघत नसेल तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलावा, किंवा महाज्योतीसारख्या सरकारी संस्थेच्या प्रायोजित योजनेत बसतो का ते पाहावं. आणि पहिला रुपया भरायच्या आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. क्लास टू होऊन प्रवेश मिळतो, पण नोकरी क्लास वनवर अवलंबून असते. रंगदृष्टीतला दोष किंवा हृदयाच्या आलेखातली शंका तीस लाख खर्च झाल्यावर कळणं यासारखं दुर्दैव नाही. चष्मा असला म्हणजे संपलं, हा मात्र जुना गैरसमज. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मापाला येत असेल तर अडत नाही.

विमान कंपन्यांच्या कॅडेट योजना हा यावरचा उपाय म्हणून सांगितला जातो. त्यात शिकतानाच पुढच्या नोकरीचं सशर्त पत्र मिळतं, आणि खर्च एक कोटीच्याही वर जाऊ शकतो. सशर्त म्हणजे काय ते करार वाचल्याशिवाय कळत नाही: कंपनीची गरज बदलली तर काय, एखाद्या टप्प्यावर मुलगा अडला तर किती पैसे परत, बॉन्ड किती वर्षांचा. या तीन ओळींसाठी वकिलाला दिलेली फी वाया जात नाही. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडिया आपली प्रबोधिनी उभारते आहे, ३४ विमानांची आणि वर्षाला १८० वैमानिकांची. ती पूर्ण क्षमतेने चालू झाली की स्वतःच्या खर्चाने दुसरीकडे शिकलेल्यांपुढची रांग थोडी बदलेल, कारण घरात तयार झालेला माणूस कंपनीला आधी दिसतो. तेव्हा संस्था निवडताना जाहिरातीतली विमानं मोजू नयेत. त्यातली आज उडत असलेली किती, एका विमानामागे विद्यार्थी किती, मागच्या तुकडीला दोनशे तास पुरे करायला किती महिने लागले, हे विचारावं. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवार यादीही लावते. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या श्रेणीत एकही संस्था नव्हती.